काढा आपला, जीव उंदराचा



२०२० सालच्या टाळेबंदीत आपल्या धर्मग्रामात काढा उकळत नव्हता असे घर क्वचितच सापडले असते. सुंठ, मिरी, तुळस, दालचिनी, आणि ज्यांच्या वाडीत कडुनिंबावर गुळवेल चढलेली होती त्यांच्याकडे गुळवेलीची कांडी. वाडी नसेल तर बाजारातून गोळ्या, रस, चूर्ण. चर्चचे दार बंद होते, मिस्सा मोबाइलवर पाहावी लागत होती, आणि शेजारी दारातल्या पिशवीत भाजीबरोबर गुळवेलीची जुडीही ठेवून जात होते. ही वेल कोणी तपासली आहे काय, असे त्या दिवसांत कोणी विचारले नाही. विचारले असते तर उत्तर आले असते की आजीने तपासली आहे.

पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, मुंबईतील काही यकृततज्ज्ञांनी एक अहवाल प्रसिद्ध केला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात त्यांच्याकडे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले होते आणि सहाही जणांनी गुळवेल घेतलेली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती हे तपासलेलेच नाही, गुळवेलीसारखी दिसणारी पण खोडावर गाठी असलेली दुसरी एक जात आहे, तीही असू शकेल, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. मग २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांमधल्या ४३ रुग्णांचा अभ्यास छापून आला आणि त्यातही बोट गुळवेलीकडेच होते. त्रास सुरू व्हायला साधारण दीड महिना लागला होता, आणि शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटावी तसा पुष्कळांचा आजार होता.

कोण बरोबर हे ठरवणे वैद्यकाचे काम आहे, आमचे नव्हे. पण या वादाच्या पोटात एक जुना नैतिक प्रश्न आहे आणि तो मात्र आपणा सर्वांचा आहे. एखादी वनस्पती पोटात घेण्याजोगी आहे की नाही हे कळायचे तर ती कोणीतरी आधी प्यायला हवी. मग आधी कोणी प्यावी? गेल्या शतकात जगाने त्याचे उत्तर ठरवून टाकले आहे: उंदराने. हे उत्तर आपल्याला पटते काय?

आधी प्रयोगशाळेत काय चालते ते पाहू. वनस्पतीची ओळख पटवून ती सावलीत वाळवतात, भरड पूड करतात, मद्यार्कात किंवा पाण्यात तिचा अर्क उतरवतात. द्रावक उडवून टाकला की तळाशी काळपट, चिकट असा ऐवज उरतो. हा ऐवज म्हणजे आजीचा काढा नव्हे, हे नीट ध्यानात घ्यावे. पाण्यात न उतरणारी द्रव्ये मद्यार्कात उतरतात, आणि पातेलेभर काढ्यात जे असते ते इथे चमचाभरात गोळा होते. आजीचा अनुभव काढ्यापुरता खरा असला तरी कंपनीच्या गोळीला तो आपोआप लागू पडत नाही.

मग पिंजरे. विस्टार जातीचे पांढरे उंदीर, आठ ते बारा आठवडे वयाचे, बहुधा माद्या. त्यांना रात्रभर उपाशी ठेवतात, सकाळी वजन करून बोथट टोकाच्या नळीने अर्क थेट जठरात सोडतात. वनस्पतीच्या अर्काची मात्रा पुष्कळदा उंदराच्या दर किलो वजनाला २००० मिलिग्रॅम असते. एका वेळी तीन उंदीर. पहिला अर्धा तास, मग पहिले चार तास त्यांच्यावर खास लक्ष, त्यानंतर चौदा दिवस रोज नोंद: केस उभे राहिले काय, थरथर आहे काय, लाळ, जुलाब, झटके, गुंगी. कोणी मेले नाही तर आणखी तिघांवर तेच. चौदा दिवसांनी जे जगले त्यांनाही मारून, पोट उघडून अवयव पाहतात. औषध निर्दोष ठरले म्हणून उंदीर सुटत नाही. ही गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते.

उंदराची ही मात्रा माणसाच्या हिशेबात आणायची तर तिला ६.२ ने भागतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे १९ ग्रॅम अर्क झाला. त्यावर सहसा आणखी दहापट सावधगिरी धरतात. पण ही झाली एकाच दिवशी घेतलेल्या मात्रेची गोष्ट. रोज घेण्याच्या औषधासाठी २८ दिवसांची चाचणी असते, तिला किमान ४० उंदीर लागतात, आणि ९० दिवसांच्या चाचणीला ८०. एका अर्काचा हा हिशेब आहे.

पूर्वी तो याहून वाईट होता. ट्रेव्हन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२७ साली मांडलेल्या पद्धतीत किती मात्रेला निम्मे प्राणी मरतात ते मोजत. त्यासाठी डझनावारी जनावरे विष देऊन मारावी लागत. ओईसीडी या राष्ट्रगटाने ती जुनी चाचणी आपल्या मार्गदर्शिकांतून २००२ मध्ये काढून टाकली. त्याआधी १९५९ साली रसेल आणि बर्च या दोघांनी तीन गोष्टी सुचवल्या होत्या: शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरा, संख्या कमी करा, यातना कमी करा. आज जगभरचे नियम या तिन्हींवर उभे आहेत. आपल्या देशात १९६० चा प्राणीक्लेश प्रतिबंधक कायदा आहे. त्यामागे नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा राज्यसभेतला आग्रह होता. पुस्तक, प्रतिकृती किंवा चित्रफितीने काम भागत असेल तर शिकवण्यासाठी प्राण्यावर प्रयोग टाळावा, आणि केवळ हात बसावा म्हणून तो करू नये, असे तो कायदा सांगतो. तो असेही सांगतो की मोठ्या प्राण्याऐवजी उंदीर, ससा, बेडूक यांवर भागत असेल तर तेच घ्यावेत. उंदराच्या वाट्याला कायद्यातही खालचीच पायरी आली आहे.

कोणी म्हणेल, फादर, घरात तांदळाच्या पिंपाशी आलेल्या उंदराला आम्ही पिंजरा लावतो, विषाच्या वड्या टाकतो. त्याचे तुम्हांला काही नाही आणि प्रयोगशाळेतल्या उंदराची दया येते? प्रश्न योग्य आहे. आम्हांला दोहोंत फरक दिसतो. घरातला उंदीर आपल्या पायाने आला, आपले धान्य खाल्ले, रोग आणला. प्रयोगशाळेतला उंदीर आपल्या मागणीवरून जन्माला आला आहे. त्याचे आईबाप आपण जुळवले, खाणे आपण ठरवले, मरणाची तारीख आपण लिहिली. ज्याला आपणच बोलावून आणले त्याच्याबद्दलची जबाबदारी आगंतुकापेक्षा अधिक असते, हे पाहुणचार जाणणाऱ्या आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हांला या विषयावर तीन माणसे भेटली. देकार्त म्हणजे प्राणी हे घड्याळासारखे यंत्र मानणारा. त्याच्या काळी लोकांनी ते गंभीरपणे घेतले, आज कुत्रा पाळणारा कोणी घेणार नाही. दुसरे संत थॉमस अक्वायनस. प्राण्यांना संवेदना आहे, वेदना आहे, पण बुद्धियुक्त आत्मा नाही, म्हणून माणसाने त्यांचा उपयोग करण्यात दोष नाही, असे ते मानतात. तरी बायबलमध्ये जनावरांशी दयेने वागायला सांगितले आहे ते का? तर प्राण्यांवर दया करणाऱ्याला माणसांवर दया करण्याची सवय लागते म्हणून, हे त्यांचे उत्तर. तिसरा बेन्थॅम. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याने विचारले की प्राणी विचार करतो की नाही हा प्रश्नच कशाला, त्याला दुःख होते की नाही एवढे पाहा.

संत थॉमस आमचे गुरू. त्यांच्या उत्तरातला पहिला भाग आम्ही स्वीकारतो, दुसरा आम्हांला अपुरा वाटतो. उंदराच्या वेदनेला किंमत आहे ती केवळ आपला हात निर्दय होऊ नये म्हणून, असे असेल तर उद्या हे काम यंत्राच्या हाताने करून घेतले की प्रश्न संपला. तसा तो संपत नाही. योनाच्या पुस्तकाच्या अगदी शेवटी परमेश्वर निनवे नगरीची कीव का येते ते सांगतो, तेव्हा तिथल्या अजाण माणसांबरोबर तो गुराढोरांचाही उल्लेख करतो. तिथे माणसांच्या सवयीचा काही संबंध नाही. त्याला ती जनावरे दिसतात, इतकेच. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातही हीच दिशा आहे. प्राणी देवाची निर्मिती आहेत, म्हणून त्यांच्याशी दयेने वागणे हे आपल्यावरचे देणे आहे. माणसाचे जीव वाचवण्यास किंवा त्याच्या शुश्रूषेस हातभार लागत असेल आणि मर्यादा पाळली जात असेल तर प्राण्यांवरील प्रयोग तो ग्रंथ मान्य करतो. पण प्राण्याला विनाकारण यातना देणे वा मारणे हे माणसाच्याच प्रतिष्ठेला न शोभणारे आहे, असेही लगेच सांगतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात ही शिकवण पुन्हा उचलून धरली.

आता एक अवघड जागा. उंदीर माणसासारखा असेल तर त्याला आपल्यासारखेच दुखते, मग प्रयोग क्रूर ठरतो. उंदीर माणसासारखा नसेल तर त्याच्यावरून आपल्याविषयी काही कळणार नाही, मग प्रयोग फुकट ठरतो. विरोधक हा पेच नेहमी टाकतात आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आमचे उत्तर असे, की साम्य हे सगळे किंवा काहीच नाही असे नसते. उंदराचे यकृत आणि मूत्रपिंड विषाशी बरेचसे आपल्यासारखेच झगडतात, आणि त्याला दुखते तेही खरे. पेच सुटला असे आम्ही म्हणत नाही. प्रयोग करणाऱ्याला त्याचे दोन्ही काटे टोचत राहिले पाहिजेत, असे मात्र म्हणतो.

गुळवेलीच्या बाबतीत दुसरा काटा टोचतो. गुळवेलीच्या अर्कावर उंदरांमध्ये अनेक प्रयोग झालेले आहेत आणि त्यांत गंभीर अपाय दिसला नव्हता. हे उंदीर सगळे एका वयाचे, एका जातीचे, निरोगी, एकच खाणे खाणारे. आपल्याकडे एकाला थायरॉइड, दुसऱ्याला मधुमेह, तिसरीला संधिवात. जी गोष्ट हजारो माणसांत एखाद्याला होते ती चाळीस उंदरांत दिसण्याची आशा धरण्यात अर्थ नाही. म्हणजे ते उंदीर व्यर्थ मेले काय? नाही. गुळवेल घेणारा प्रत्येक जण आजारी पडणार नाही, एवढे त्यांच्यामुळे आधीच ठाऊक होते. ‘सुरक्षित’ हा शब्द मात्र आपण त्यांच्या नावावर जरा जास्तच मोठ्या अक्षरात लिहिला.

उलट बाजूचे उदाहरण ब्रुसेल्सचे आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे वजन कमी करण्याच्या उपचारात चिनी वनस्पती घेतलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. अशा सुमारे शंभर स्त्रिया निघाल्या, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. चिनी नावे सारखी असल्याने एका वनस्पतीच्या जागी दुसरी, ॲरिस्टोलोकिया कुळातली, पडली होती. आपल्याकडची सापसंद याच कुळातली. हे विष कोणाला माहीत नव्हते असे नाही. या कुळातल्या ॲरिस्टोलोकिक आम्लाने उंदरांना कर्करोग होतो हे जर्मनीत दिसून आले होते, १९८१ साली तिथे ती औषधे बाजारातून काढली गेली आणि १९८२ मध्ये तो अभ्यास छापूनही आला होता. उंदीर दहा वर्षे आधी सांगून मेले होते. शेजारच्या देशात त्यांचे कोणी ऐकले नाही. आम्हांला विचाराल तर प्राणीप्रयोगांतले मोठे पाप प्रयोगाइतकेच या न ऐकण्यात आहे.

आणि उंदराला विचारलेच नाही तर? १९३७ साली अमेरिकेत एका कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध मुलांना घेता यावे म्हणून द्रवरूपात आणले. चव पाहिली, रंग पाहिला, वास पाहिला. ज्यात विरघळवले ते डायएथिलीन ग्लायकॉल विषारी आहे की नाही हे पाहिले नाही, कारण तसा कायदा नव्हता. शंभराहून अधिक माणसे गेली, त्यांत पुष्कळ मुले. १९३८ मध्ये कायदा आला. (याच विषाने १९८६ साली मुंबईत १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तिथला दोष वेगळा होता, औषधी ग्लिसरीनमध्येच ते मिसळलेले होते.) प्राण्यावर चाचणी नको म्हणणाऱ्याने या मुलांकडे पाहून तसे म्हणावे. चाचणी टळत नसते, ती पुढच्या जिवावर ढकलली जाते, आणि तो पुढचा जीव बहुधा गरिबाचा असतो.

मुंबईचेच आणखी एक उदाहरण आहे. प्लेगची लस तयार केल्यावर डॉ. हाफकिन यांनी ती आधी सशांना टोचली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैदी पुढे आले. ससा, मग स्वतः, मग कैदी. हा क्रम आम्हांला विचार करायला लावतो. तुरुंगातल्या माणसाची ‘स्वेच्छा’ कितपत मोकळी असते हा प्रश्न आहेच. पण लस करणारा माणूस त्याच्या आधी स्वतः उभा राहिला, ही गोष्ट कोणत्याही नियमावलीपेक्षा आम्हांला मोठी वाटते. २०२० साली आपण सगळे घरोघरी काढा पीत होतो तेव्हा आपणही एका परीने चाचणीतच होतो. फक्त कोणी वजन घेत नव्हते आणि वहीत लिहीत नव्हते. आजही डॉक्टर विचारतात की कोणती औषधे चालू आहेत, तेव्हा आपण रक्तदाबाची गोळी सांगतो आणि काढा सांगत नाही. तो आपल्या लेखी औषधच नसतो.

प्रयोगशाळेत प्राणी मारण्याला इंग्रजीत एक शब्द रूढ आहे, तो म्हणजे ‘सॅक्रिफाइस’. शोधनिबंधांतही तो सर्रास येतो. वेदीजवळ उभे राहणाऱ्या आमच्यासारख्याला तो खटकतो. मराठीला हा फरक चांगला कळतो: बळी घेतला जातो, बलिदान केले जाते. उंदीर बलिदान करत नाही, त्याचा बळी घेतला जातो. प्रभूने स्वतःला दिले, म्हणून त्याच्या अर्पणाला तो शब्द शोभतो. उंदराला कोणी विचारलेले नाही. त्याला मारले, असे सरळ लिहावे. तसे लिहिताना हात थोडा अडखळला तर ते चांगलेच आहे.

गेल्या वर्षी फार्मसीच्या पदव्युत्तर वर्गात शिकणारी आपल्या गावची एक मुलगी आमच्याकडे आली होती. तिच्या प्रबंधाचा विषय एका औषधी वनस्पतीचा अर्क. त्यावर आधी एका मात्रेची चाचणी आणि मग २८ दिवसांची चाचणी करायची होती. तिने विचारले, “फादर, हे पाप आहे का?” आम्ही तिला उलट विचारले, की याच वनस्पतीच्या याच प्रकारच्या अर्कावर पहिली चाचणी आधी झाली आहे काय? ती म्हणाली, बऱ्याच वेळा. पण प्रबंधात ते प्रकरण असावे लागते. तेव्हा आम्हांला आमचे उत्तर सापडले. आपल्या लोकांच्या पोटात जाणाऱ्या औषधाविषयी जे ठाऊक नाही ते कळावे म्हणून, दुसरा मार्ग नसताना, जमेल तितक्या कमी जिवांवर, वेदना आवरून प्रयोग करणे पाप नाही. ठाऊक असलेलेच पुन्हा छापील प्रकरणासाठी करणे हे ‘विनाकारण’ या शब्दात बसते, मग कितीही नियम पाळले तरी. पदवी हे कारण होऊ शकते काय, यावर आमच्याशी वाद घालणारे शिक्षक आपल्याच धर्मग्रामात आहेत. त्यांचे म्हणणे असे, की हात शिकल्याशिवाय पुढचा शास्त्रज्ञ कसा घडेल? आम्ही त्यांना १९६० चा कायदा दाखवतो.

प्रत्येक संस्थेत अशा प्रयोगांना परवानगी देणारी एक समिती असते आणि तिच्यात शास्त्रज्ञ नसलेला, समाजभान असलेला एक सदस्य असावा लागतो. त्या खुर्चीवर बसून “हे आधी झाले आहे काय?” एवढेच विचारणारे कोणी आपल्यातून निघाले तर आम्हांला आनंद होईल. मागे बसून चहा पिणारे बरेच आहेत, असे ऐकतो. नियमही हळूहळू त्याच बाजूला सरकत आहेत. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचणी भारताने २०१४ मध्ये बंद केली, आणि नव्या औषधांच्या नियमांत २०२३ पासून प्राण्यांऐवजी पेशी व संगणक यांवर आधारलेल्या पद्धतींनाही वाट मिळाली आहे.

त्या मुलीने जुने निबंध शोधून समितीपुढे ठेवले. पहिली चाचणी तिला वगळू दिली. २८ दिवसांची मात्र करावी लागली, कारण तिच्या अर्काची ती कोठे झालेली आढळली नाही. चाळीस उंदीर. कोणतीही इजा दिसली नाही. “काही सापडले नाही” असे सांगणारे निबंध छापायला नियतकालिके फारशी उत्सुक नसतात. मग असे प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात पडून राहतात आणि दुसऱ्या शहरातला दुसरा विद्यार्थी तेच चाळीस उंदीर पुन्हा मागवतो. म्हणून आम्ही तिच्यामागे लकडा लावला आहे. दोन ठिकाणांहून तिचा निबंध परत आला आहे, तिसऱ्या ठिकाणी पाठवला आहे.